माझ्यापुरता नियम

माझ्या मुलीच्या सासरी, अकोल्याला, खालच्या हॉलमध्ये सोफा नाही. आत पाऊल टाकलं की बसायची जागा दिसायच्या आधी टेबल दिसतं, आणि ते संपता संपत नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सागवानी पट्टी, रुंदीला हातभर, आणि तिच्या चारी बाजूंनी पन्हळ. लग्न ठरवायला गेलो तेव्हा ते तिथं नव्हतं. "असतं तर पोरगी द्यायच्या आधी मी जरा विचार केला असता," असं मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं आणि सगळे हसले. माझ्या बोलण्यावर माणसं हसतात याचा मला मोठा अभिमान होता.

जावई शिकायला अमेरिकेत होते. तिथं त्यांच्या कॉलेजजवळच्या एका हॉटेलात असलं टेबल होतं आणि संध्याकाळी सगळी पोरं त्यावर खेळायची. परत येऊन ते अकोल्यातच इंजिनिअरिंग कॉलेजात लागले, लग्न झालं, आणि पहिल्या सुट्टीत त्यांनी बाळापूरच्या एका सुताराला गाठून हे टेबल करवून घेतलं. खेळाचं नाव शफलबोर्ड. पण विहीणबाईंनी त्याचं बारसं करून 'सरकपट्टी' असं नाव ठेवलं आणि आता सगळी गल्ली तेच म्हणते.

चकत्या तेवढ्या बाहेरून मागवल्या. पोलादी, मारी बिस्किटाएवढ्या, पण हातात घेतल्यावर वजन कळतं. चार लाल टोपीच्या, चार निळ्या टोपीच्या. त्या सरळ सरकाव्यात म्हणून पट्टीवर एक दाणेदार पावडर भुरभुरायची असते. ती संपल्यावर विहीणबाईंनी मक्याचा बारीक रवा चाळून पाहिला, आणि तो चालला. फक्त मुंग्या येतात. खेळायच्या आधी पट्टीवरच्या मुंग्या झटकणं हे त्या घरातलं एक कामच होऊन बसलं आहे.

आता माझ्याबद्दल. मी अमरावतीची. एका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. ऑफिसच्या गॅदरिंगमध्ये बायकांच्या कॅरमचं पहिलं बक्षीस वर्षानुवर्षं माझंच. त्या शिल्डा शोकेसमध्ये आहेत, आणि पाहुणे आले की मी त्यांना अशा खुर्चीवर बसवते की नजर आपोआप तिकडं जावी. घरीही तेच. कॅरम असो, पत्ते असोत, सापशिडी असो, जिंकणार मीच. "आमच्या घरी बापलेक दोघंही खेळात कच्चे," असं मी चारचौघांत लाडानं सांगायची. मिस्टर हसायचे आणि पेपर वाचायला लागायचे.

ते टेबल मी पहिल्यांदा पाहिलं ते हिवाळ्यात. मिस्टरांचे गुडघे धरले होते म्हणून मी एकटीच एसटीनं निघाले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहा प्यायले आणि दुपारपर्यंत अकोल्याला पोचले. लग्नानंतर मुलीच्या घरी मुक्कामाला जायची ती पहिलीच वेळ. आमच्याकडं विहिणीला ईनबाई म्हणतात. तर ईनबाईंनी दारातच हाताला धरून आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला पुरणाचं केलं होतं. एवढा मान माझा माहेरीही कधी झाला नव्हता.

जेवणं झाल्यावर जावयांनी खेळ समजावून सांगायला घेतला. मास्तर माणूस, हातात खडू नसला तरी असल्यासारखं बोलतात.

"आई, हे दोघांनी खेळायचं. ज्याच्या त्याच्या चार चकत्या. या टोकाला उभं राहायचं, एक मी सरकवणार, एक तुम्ही, असं आळीपाळीनं. पलीकडच्या टोकाला तीन घरं आखलेली आहेत. अलीकडचं एकचं, मधलं दोनचं, अगदी शेवटचं तीनचं. चकती टोकावरून बाहेर डोकावली, पण पडली नाही, तर चार. पन्हळीत पडली तर गेली. आठही सरकवून झाल्या की मोजायचं. पण मोजताना..."

"समजलं मले," मी म्हटलं. "कॅरमचीच बहीण आहे हे. आना इकडं."

"हो आई, पण मोजताना एक..."

"जवाईबापू, गॅदरिंगमध्ये मी पंचाले नियम शिकवलेले आहेत. खेळा तुमी."

त्यांनी चकत्या उचलल्या. आता आठवतं, त्यांनी आधी मुलीकडं पाहिलं आणि मग उचलल्या.

माझी पहिली चकती थेट पलीकडच्या पन्हळीत. जोर जास्त झाला. कॅरममध्ये स्ट्रायकरला टिचकी मारायची असते, इथं टिचकीचं काही चालत नाही. चकतीवर बोटं ठेवून हात पुढं न्यायचा आणि सोडून द्यायचं, बाळाला पाळण्यात टाकून हात काढून घेतात तसं. दुसरीला मला ते जमलं. डाव संपला तेव्हा माझी एक दोनच्या घरात होती आणि दोन एकच्या घरात. जावयांची एकच टिकली होती, पण ती तीनच्या घरात.

"माहे दोन, आणि एक, आणि एक. चार झाले," मी म्हटलं. "तुमचे तीन. हा डाव मी जिंकली."

जावई मोजायला पट्टीवर वाकले होते, ते सरळ झाले. भिंतीला शाळेतली काळी पाटी टांगलेली होती, तिच्यापाशी माझी मुलगी खडू घेऊन उभी होती. तिनं माझ्या नावाखाली चार लिहिले. विहीणबाई म्हणाल्या, "वा वो ईनबाई! हात बसलेला आहे तुमचा." आणि खेळ पुढं सुरू झाला. पंधराला जो आधी पोचेल तो जिंकला, असं ठरलेलं. माझे पंधरा झाले तेव्हा जावयांचे अकरा होते.

मी त्या पाटीपाशी उभी राहून फोटो काढून घेतला. मुलीनंच काढला. तो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'पहिल्याच खेळात जावई गार.' अमरावतीला आल्यावर रविवारी विहारात वंदना झाली, आणि बायका चपला घालत होत्या तोवर मी सगळी हकिकत सांगून मोकळी झाले. सांगताना थोडी मीठमिरचीही लावली. "अकोल्याचे लोकं साधे आहेत बिचारे," मी म्हटलं. "खेळ तं आनला, पन खेळाचं कसं हे कोनाले मालूम नाही." अमरावतीच्या माणसाला अकोल्याबद्दल असं बोलायला कारण लागत नाही. अकोल्याची माणसंही आमच्याबद्दल हेच बोलत असतील, फक्त ती दुसऱ्याचं पुरण खाऊन बोलत नाहीत.

नंतर माझ्या अकोल्याच्या फेऱ्या वाढल्या. मुलीला भेटायला जाते असं मी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. पण बसमध्ये बसलं की मनात ती पट्टीच यायची. मी जावयांशी खेळले, विहीणबाईंशी खेळले, मुलीशी खेळले, आणि दर वेळी जिंकले. विहीणबाई हरल्या की कपाळाला हात लावायच्या, जावई मान हलवायचे. सगळ्यांत वाईट खेळायची ती माझी मुलगी. तिच्या चकत्या सरळ जायच्याच नाहीत. निम्म्या वाटेत वळून पन्हळीत पडायच्या. मला तिची कीव यायची. मी तिच्या मागं उभी राहून तिचं मनगट धरायची आणि सांगायची, "सैल ठेव. अंग नको ताठ करू. पाह्य, मी कशी करून राहिली ते." ती "हो आई" म्हणायची आणि पुढची चकती परत पन्हळीत टाकायची. सासूच्या देखत मी तिला म्हटलं, "ही लहानपनापासून अशीच, हिले खेळात डोकं नाही." तिची सासू हातातला रवा झटकत राहिली. हे आठवलं की आता मला घरात एकटी असतानाही तोंड लपवावंसं वाटतं.

मग या उन्हाळ्यात, ऊन तापायला लागलं तेव्हा, मी ज्वारीच्या बिबड्या घातल्या. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, आंबवून वाफवलेल्या पिठाचे. जावयांना आवडतात. शेजारचे लोक गाडीनं अकोल्याला निघाले होते, गाडीत जागा होती, मी डबा उचलला आणि बसले. फोन केला नाही. अचानक जाऊन दारात उभं राहायचं आणि सगळ्यांची तोंडं पाहायची, एवढाच विचार होता.

फाटक उघडंच होतं. अंगणात पोचले तर आतून आरडाओरडा. मला वाटलं, भांडण. आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मुलीचा. सासरी ती अशी ओरडते आहे म्हणजे काहीतरी फार बिनसलं असणार, असं वाटून मी चपलाही न काढता दारापर्यंत गेले.

भांडण नव्हतं. सरकपट्टी चालली होती. मुलगी आणि तिची सासू, दोघी खेळत होत्या. जावई पलीकडच्या टोकाला पंच होऊन वाकून उभे. तिघांचीही माझ्याकडं पाठ किंवा कूस. माझी मुलगी टेबलाच्या या टोकाला होती, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, एक डोळा मिटलेला. तिनं चकती दोनदा मागंपुढं हलवली आणि सोडली. मी एवढी सरळ चकती गेलेली त्या टेबलावर कधी पाहिली नव्हती. माझीसुद्धा नाही. ती पट्टीच्या मधोमध गेली, सासूच्या तीन चकत्यांना न शिवता त्यांच्या पुढं निघाली आणि शेवटच्या घरात जाऊन हळूच थांबली.

"साऱ्या मेल्या!" माझी मुलगी ओरडली. दोन्ही हात वर. "माही एकटी पुढं! बाकी सारा कचरा!"

"अवं, माह्या तीन तं घरात आहेत न!" सासू हसत म्हणाली.

"असतीन! मांगं राहिल्या न! मांगचीले कोन विचारते?"

"आईले भोपळा," जावई म्हणाले. "हिचे तीन."

मी दारात उभी होते. सासूची एक चकती दोनच्या घरात होती आणि दोन एकच्या घरात. मुलीची एकच, तीनच्या घरात. हा डाव मी खेळलेली होते. तो पहिल्या दिवशीचा माझा आणि जावयांचा डाव होता, जसाच्या तसा. मी तेव्हा चार मोजले होते.

मग मला समजलं. जावई त्या दिवशी दोनदा "पण मोजताना" म्हणाले होते ते हे होतं. या खेळात आपापले गुण ज्याचे त्यानं मोजून घ्यायचे नसतात. ज्याची चकती सगळ्यांत पुढं, डाव त्याचा एकट्याचा. दुसऱ्याला शून्य, मग त्याच्या कितीही चकत्या घरात असोत. आणि जिंकणाऱ्याच्याही तेवढ्याच मोजायच्या, ज्या समोरच्याच्या सर्वांत पुढच्या चकतीच्याही पुढं असतील. कॅरममध्ये घेतलेली सोंगटी आपली असते, ती कुणी परत काढून घेत नाही. तेच डोक्यात धरून मी या लोकांच्या घरात येऊन माझ्या चकत्या मोजत बसले होते. सगळं आयुष्य आकडे जुळवण्यात गेलेली बाई मी, बेरीज आपोआप होत गेली. पहिल्या डावात माझे चार नव्हते, शून्य होतं. दुसऱ्यात शून्य. ज्या पाटीपाशी फोटो काढला तिच्यावर माझ्या नावाखाली जेमतेम दोन-तीन उरत होते. आणि ते सगळ्यांनी उभं राहून पाहिलं होतं. हातातला बिबड्यांचा डबा कुठं ठेवावा हे सुचेना.

तेवढ्यात मुलीचं माझ्याकडं लक्ष गेलं.

तिचे वर केलेले हात खाली आले. बाह्या तिनं मनगटापर्यंत ओढून घेतल्या. "आई? फोन नाही केला?" ती म्हणाली, आणि हा आवाज माझ्या ओळखीचा होता, हळू, सांभाळून. आधीचा, ओरडणारा, हसणारा, तो मी कधी ऐकलेलाच नव्हता. माझ्या घरात ती इतकी वर्षं वाढली आणि तो आवाज तिनं तिथं एकदाही काढला नाही.

"या ईनबाई, या," विहीणबाई लगबगीनं पुढं आल्या. "आता कुठं मजा येईन. मुंग्या झटका रे. एक डाव होऊन जाऊ द्या तुमचा."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. डबा खुर्चीवर ठेवला आणि त्यांनी हातात दिलेल्या लाल चकत्या मी घेतल्या. जावयांशी खेळले. माझ्या सगळ्या मागं राहिल्या, त्यांची एक पुढं. मी मुद्दाम मोजलं नाही. बघू या, म्हटलं.

"आईंचे दोन, आणि एक," जावई सहज म्हणाले. "तीन. माझे दोन."

माझ्या मुलीनं पाटी पुसली आणि माझ्या नावाखाली तीन लिहिले. कुणी कुणाकडं पाहिलं नाही, कुणी नजर चुकवली नाही, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. या घरात एक नियम त्यांच्यासाठी होता आणि एक माझ्यापुरता.

डोकं दुखतंय म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. मागोमाग विहीणबाई आल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"ईनबाई," मी म्हटलं, "मले खरं सांगा. त्या पहिल्या दिवशी मी हरली होती न?"

"आता ते कायले उकरून राहिल्या?"

"सांगा."

"पाहुण्या होत्या तुमी. पोरीची माय पयल्यांदा घरी आली, तिले कोनी हरवते काय?" त्या म्हणाल्या. "आमच्यात तं असं करत नाही बापा."

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मुलीच्या आईला पहिल्या भेटीत मान द्यायचा म्हणजे ताटात पुरण वाढायचं आणि पाटीवर चार लिहायचे. माझ्या घरी त्या आल्या असत्या तर मीही हेच केलं असतं, असं म्हणायला मन धजलं नाही. मी त्यांना पहिल्याच डावात चारी मुंड्या चीत केलं असतं.

"पयल्या दिवशीचं जाऊ द्या," मी म्हटलं. "मंग नंतर काहून?"

त्या बराच वेळ गाळणी धूत राहिल्या. गाळणी स्वच्छच होती.

"तुमच्या लेकीनं सांगतलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हने, आईले हरलेलं सोसत नाही. हरली का जेवत नाही, दोन-दोन दिवस बोलत नाही. मी अन् बाबा पयलेपासून हरतच आलो. तुमीबी हरत जा, म्हने, माह्यासाठी." त्यांनी गाळणी खुंटीला अडकवली. "आमी म्हटलं, एवढंच तं मांगून राहिली पोरगी. लग्न होऊन आली तवापासून दुसरं काहीच मांगतलं नाही तिनं आमाले."

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू, लाजेच्याही आधी रागच आला, सणकून. मुलीला बाहेर बोलावून विचारावं, सगळ्यांच्या देखत विचारावं, माझी बदनामी करायला सासर मिळालं का तुला. पण मी तोंड उघडलं असतं तर तिनं सांगितलेला शब्द न शब्द खरा ठरला असता. रागवायचीही सोय उरली नव्हती. मग मागून लाज आली आणि ती आली ती गेलीच नाही. नव्या घरात जाताना पोरी काय काय मागतात. नोकरी करू द्या म्हणतात, माहेरी जाऊ द्या म्हणतात, वेगळी खोली द्या म्हणतात. माझ्या मुलीनं एकच गोष्ट मागितली, की माझ्या आईकडून हरा.

चहा तसाच ठेवून मी मागच्या अंगणात गेले आणि मिस्टरांना फोन लावला.

"तुमी माह्याशी कॅरममध्ये मुद्दाम हरत होते काय?"

"जेवली का तू?" त्यांनी विचारलं.

"मी काय इचारून राहिली?"

"जाऊ दे न आता."

"पत्त्यात?"

"हो."

"सापशिडीत? सापशिडीत कसं हरता येते मानसाले?"

"एखादं घर कमी मोजाचं," ते म्हणाले. अगदी साधेपणानं, दूध आणलं म्हणून सांगावं तसं. "पोरीलेबी मीच शिकवलं थे. तू खुश राहाची, घर शांत राहाचं. आमाले काही तरास नव्हता."

फोन ठेवल्यावर मला ऑफिस आठवलं. कॅरमच्या फायनलला माझ्यासमोर दर वर्षी कुणीतरी माझ्याच हाताखालची बाई असायची. त्या सगळ्यांचे रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढं जायचे. मी तिथं अंगणात उभी राहून एकेकीचा चेहरा आठवायला लागले, ती शेवटची सोंगटी चुकली तेव्हा खरंच चुकली होती की काय, आणि माझ्या लक्षात आलं की हे आता मला कधीच कळणार नाही. विचारायला गेले तर त्या सांगतील, "नाही मॅडम, तुम्हीच भारी खेळायच्या."

तोंडावर पाणी मारून मी हॉलमध्ये परत आले. विहीणबाई चहाचा कप घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. जावई चकत्या पुसत होते. मुलगी पाटीपाशी उभी होती, आणि मला काय कळलं आहे ते तिला कळलेलं आहे, हे तिच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं.

"आपन दोघी खेळू," मी तिला म्हटलं. "खऱ्या नियमानं."

"राहू दे न आई. उन्हातून आली तू."

"खेळ."

ती खेळली. पहिल्या दोन डावांत तिच्या चकत्या पुन्हा वाकड्या जायला लागल्या. मी म्हटलं, "माही शपथ आहे तुले." मग त्या सरळ जायला लागल्या. आणि मला एक सांगायला हवं, की त्या खेळात मजा होती. इतके दिवस मी जो खेळत होते त्यात ती नव्हती. माझी चकती पुढं गेली की तिनं ती उडवायची, तिची पुढं गेली की मी अडवायची, आणि शेवटची चकती हातात असेपर्यंत काहीच ठरत नाही. मी काही अगदीच टाकाऊ नाही. तिचे बारा झाले तेव्हा माझे तेरा होते. तिच्या ऐन भरातले तेरा होते की शपथेनंतरही थोडा हात राखून दिलेले, ते माहीत नाही. आता प्रत्येक गुणाबद्दल मला हेच वाटत राहणार आहे.

शेवटच्या डावात माझी एक चकती तीनच्या घरात जाऊन बसली, सगळ्यांच्या पुढं. ती तिथं राहिली असती तर मी जिंकले होते. माझ्या चकत्या संपल्या होत्या. मुलीच्या हातात एक होती. तिनं ती पट्टीवर ठेवली, मागंपुढं हलवली, आणि सोडलीच नाही. रव्यावर बोटं तशीच.

"मार," मी म्हटलं.

तिनं मारली. टक् असा आवाज झाला, माझी चकती पलीकडच्या पन्हळीत गेली आणि तिची तिथंच, माझ्या जागी, थांबली. तीन. बारा आणि तीन पंधरा.

जावयांच्या तोंडून "वा!" निघून गेला. माझ्या मुलीनं चकतीकडं पाहिलं नाही, पाटीकडं पाहिलं नाही. तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं. पाऊस येणार का म्हणून वाळवण घातलेली बाई वर पाहते तसं. मी हसले. मनापासून हसायचा प्रयत्न केला, पण आत कुठंतरी चुरचुरत होतं, तेही खोटं नाही. हसू नीट उमटलं नसावं, कारण ती लगेच टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आई, माही रेषेवरच हाय. पुरी आत नाही गेली. रेषेवरची मागच्या घरात धरतात. दोनच होते. म्हंजे चौदा. डाव बाकी हाय अजून."

मी पट्टीच्या कडेनं चालत त्या टोकाला गेले. वाकले. चकती रेषेच्या चांगली दोन बोटं आत होती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"आत आहे," मी म्हटलं. "तीन लिही."

"नाही न आई, या बाजूनं पायलं तं..."

"तीन लिही म्हटलं न तुले!"

मी ओरडलेच. ऑफिसातला आवाज होता तो. विहीणबाईंचा कप तोंडापाशी थांबला. माझ्या मुलीनं मान खाली घातली, पाटीवरचे बारा पुसले आणि पंधरा लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला हरवलं होतं, आणि तेही ती माझ्या धाकानं लिहीत होती.